बैलाचा काही दोष नाही

२ ऑक्टोबर, मार्सेय

फ्रान्सची यादी आज दुपारी दोन वाजता जाहीर झाली. मी नाही.

डाव्या बगलेला खेळणारे तीन घेतलेत. त्यातला एक एकोणीस वर्षांचा. मी अठ्ठावीस. अनुभव म्हणून काही चीज असते की नाही? पण हे यादी करणाऱ्यांना सांगणार कोण! आमच्या क्लबचा मालीशवाला म्हणाला, "तोइहा, आपण दुसऱ्या विभागात सोळावे आहोत. आणि तिथंही तू बाकावर असतोस." लोकांना दुसऱ्याचं बरं बघवत नाही, हेच खरं.

कोमोरोसच्या कोचला मी अडीचपर्यंत थांबायला सांगितलं होतं. तीन वर्षं फोन करतोय बिचारा, आणि मी तीन वर्षं त्याला झुलवतोय. बरोबर अडीचला फोन लावला. म्हणालो, "पूर्वजांच्या देशाने हाक मारली, नाही कसं म्हणू?" पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नाही. भरून आलं असावं. मग म्हणाला, "बरं. पासपोर्टची झेरॉक्स आजच पाठव. जागा एकच उरलीय."

एकदा तिकडून सामना खेळलो की फ्रान्सचं दार कायमचं बंद. आईला म्हटलं, "केवढा त्याग करतोय बघ."

आई कांदा चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "उघडलं कधी होतं रे ते?"

५ ऑक्टोबर

आईसुद्धा येतेय. क्लबात मी सांगितलं, माझा सामना बघायला येतेय. तसं अगदी खोटं नाही. सामना चौदाला मोरोनीत आहे, आणि सोळाला गावात तिच्या घराचा प्रवेश आहे. तारीख तिने आधी धरली होती, सामना मग आला. पण असं सांगितलं तर मजा जाते.

घराची गोष्ट लिहून ठेवतो. आमच्यात घर बाईचं असतं. नवरा तिथं राहायला येतो, तो म्हणजे कायमचा पाहुणा. ज्या बाईला स्वतःचं घर नाही तिला गावात कुणी विचारत नाही. आईने बावीस वर्षं इस्पितळाच्या फरश्या पुसून हाम्बुनीत घर बांधलं. एका उन्हाळ्यात भिंत, एका उन्हाळ्यात खिडकी. मधली चार वर्षं छपरावर नुसत्या सळया उभ्या होत्या. आता सगळं झालंय. बायका येणार, आत शिरणार, स्वैपाक करणार, गाव जेवणार. मग ते घर. गाव जेवलंच नाही तर ते घर नव्हे, गोदाम. हे वाक्य आईचं. रोज दोनदा ऐकतो.

बॅगेत तिने पन्नास ताटं भरलीत. माझे बूट माझ्या हातातल्या पिशवीत.

७ ऑक्टोबर, मोरोनी

विमानतळावर गर्दी होती. माझ्यासाठी वाटली. एक मंत्री मक्केहून परत येत होता.

हॉटेल ठीक. खोलीत जोडीदार हुमादी. हा डावा बचाव खेळतो आणि एरवी बंदरावर जकात कचेरीत कारकून आहे! घ्या. आईच्याच गावचा निघाला, माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. स्वभावाने गरीब. मी त्याला फ्रान्समधलं दडपण कसं असतं ते समजावून सांगितलं. ऐकता ऐकता झोपला.

सामान सांभाळायला बकारी नावाचा म्हातारा आहे. वय सत्तरच्या पुढे, वाकलेला, डोक्यावर भरतकामाची पांढरी टोपी. संघ जन्मला तेव्हापासून हाच कपडे धुतो, बूट पुसतो, बाटल्या भरतो. सगळे त्याला 'म्झे' म्हणतात, म्हणजे आपलं 'आजोबा'. मला दिलेले मोजे एक माप मोठे होते. मी जरा स्पष्टच सांगितलं. "व्यावसायिक पातळीवर हे चालत नाही, म्झे." तो म्हणाला, "बदलतो, पोरा."

पोरा! अठ्ठावीस वर्षांच्या माणसाला.

८ ऑक्टोबर

सरावात कोचने मला दुसऱ्या चमूत टाकलं. डावपेच असणार, समोरच्यांचे हेर असतात. बोत्स्वानावाल्यांना माझी चाहूल लागू द्यायची नाही.

जेवताना हुमादीला विचारलं, "तो म्हातारा मला पोर का म्हणतो?"

"तुझं मोठं लग्न झालंय का?"

"माझं छोटंसुद्धा झालेलं नाही."

"मग पोरच. मीही पोरच आहे. बायको आहे, दोन मुलं आहेत, पण ते साधं लग्न. मोठं लग्न करायचं, गावाला आठवडाभर जेवू घालायचं, मग माणूस मोठा. मग चौकात बोलायचा हक्क, बसायला जागा. तोवर आपण भांडी घासायची."

"तू भांडी घासतोस? देशाचा खेळाडू?"

"बैल कापला की कढया कोण घासणार? कढया का आपोआप घासल्या जातात?" आणि शांतपणे माताबा, म्हणजे कसाव्याच्या पाल्याची नारळातली भाजी, ओरपायला लागला.

हे मोठं लग्न वगैरे मला माहीत नाही असं नाही. मार्सेयला आमच्या गावाचं मंडळ आहे, आई जाते. मी बाराव्या वर्षापासून फुटबॉलच्या वसतिगृहात, मला कधी जमलं नाही. पण हे नियम चारचौघांसाठी असणार. छातीवर देशाची चांदणी लावून आलेल्या माणसाला कोण विचारतंय, लग्न झालं का म्हणून?

हुमादी आणखी काहीतरी सांगत होता, म्झे बकारीही आपल्याच गावचे वगैरे. माझं लक्ष नव्हतं, क्लबमधून मेसेज आला होता. तिथल्या माझ्या कपाटाची किल्ली सापडत नाही म्हणून.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

आजचा दिवस सोन्याच्या अक्षरांत लिहावा असा.

कोचने दुपारनंतर सुट्टी दिली. हुमादीबरोबर शेअर टॅक्सीने हाम्बुनीला गेलो. मुद्दाम राष्ट्रीय जर्सी घातली होती. आई मावशीकडे उतरलीय, नवं घर शेजारीच. एशाती मावशीने चेहऱ्याला चंदन लावलेलं, मला बघून गाल ओढले. म्हणाली, "तुझ्या आईने मला पंधरा दिवस झोपू दिलं नाही. पडदे निळे की हिरवे!" दोघी पोरींसारख्या हसत होत्या. आईला असं हसताना मी मार्सेयला पाहिलेलं नाही.

नमाजानंतर चौकात गेलो. मशिदीसमोर काळ्या दगडाचे ओटे, सगळे भरलेले. म्हातारे जरीच्या झग्यांत, हातात काठ्या. पोरं मागे उभी, काही भिंतीवर. आणि बरोब्बर मध्यभागी, बदामाच्या सावलीत, एक रुंद आसन रिकामं. वर गादी. माझ्यासाठी राखलेलं आसन ओळखायला मला वेळ लागला नाही. विनयाने दोन क्षण थांबलो आणि बसलो.

हुमादी माझी बाही ओढत होता, "ऊठ. तोइहा, ऊठ." त्याचा स्वभावच भित्रा. मी म्हटलं, "अरे, बसू दे, प्रेमाने ठेवलंय."

तेवढ्यात कोण येतंय बघतो तर आपला बकारी! पण थाट काय! सोनेरी काठाचा झगा, पागोटं, चांदीच्या मुठीची काठी. खास माझ्या स्वागतासाठी नटून आला म्हातारा. माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मला अवघडल्यासारखं झालं, काहीतरी आपुलकीचं बोलावं म्हणून विचारलं, "काय म्झे, वाळले का माझे मोजे?"

तो म्हणाला, "वाळले." आणि उन्हात उभाच राहिला.

मग पहिल्या ओट्यावरचा एक म्हातारा उठला. मग दुसरा. मग सगळे! माझ्या सन्मानार्थ अख्खा चौक उभा राहिला. फ्रान्समध्ये अकरा वर्षं खेळलो, कुणी कधी उठलं नाही. एक एक करून सगळे निघून गेले. भेटी आणायला गेले असतील म्हणून मी पंधरा मिनिटं वाट पाहिली. उशीर होत होता म्हणून मग निघालो.

परतीच्या टॅक्सीत हुमादी एक शब्द बोलला नाही. थोडा मत्सर वाटणं साहजिक आहे.

११ ऑक्टोबर

सकाळी आईचा फोन.

"तू कुठं बसलास रे काल?"

"चौकात. जिथं जागा होती तिथं."

"ती म्झे बकारींची जागा. त्यांच्याआधी त्यांच्या मामांची होती. गावातला पहिला माणूस बसतो तिथं."

"अगं, पण तो तर आमचे कपडे..."

"आणि त्यांना मोजे विचारलेस." आई ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "काल संध्याकाळी चौकाने दंड केला. एक बैल, गावाला भात. आणि तो फिटेपर्यंत माझ्या उंबऱ्यात कुणी पाय ठेवायचा नाही. एशातीने मला चहा दिला तर तिलाही दंड. मी नव्या घरात झोपले रात्री. एकटी."

मी म्हटलं, "आई, हा मागासलेपणा आहे."

"हो का? सोळा तारखेला मी पन्नास ताटं कुणापुढे मांडू ते सांग मला, पुढारलेल्या माणसा."

फोन ठेवला तिने. मी खाली गेलो. सामानाच्या खोलीत बकारी जर्सीच्या घड्या घालत होते. रोजच्यासारखेच, बनियनवर, डोक्याला तीच टोपी.

"तुम्ही दंड केलात मला?"

"मी नाही. चौकाने केला."

"पण चौकात तुम्ही पहिले."

"हो."

"मग सांगा ना त्यांना, माफ करा म्हणून. माझ्या आईचं बावीस वर्षांचं घर आहे हो ते."

त्यांनी घडी पूर्ण केली. "ते इथं नाही बोलायचं. इथं मी कपडे मोजतो. डावा बूट दे तुझा, शिवण उसवलीय."

दिला. अजून काय करणार? शिवून दिला त्यांनी, माझ्यासमोर, दोरा दातांनी तोडून. मला लाज वाटली, पण का ते धड कळेना. नियम त्यांचा, आणि लाजायचं मी!

१२ ऑक्टोबर

मार्ग निघाला. हुमादीच्या मेहुण्याकडे गुरं आहेत. फोनवर बैल घेतला. चांगला, तांबडा, वशिंडाचा. टेम्पोत बैल, सोबत तांदळाची पोती, ड्रायव्हरला पत्ता दिला, दुपारी सरावाआधी रवानाही केला. शिंगाला मी स्वतःच्या सहीची जर्सी बांधायला सांगितली, म्हणजे कुणाकडून आला ते कळेल.

हुमादी म्हणाला, "तू जाणार नाहीस बरोबर?"

"उद्या सराव, परवा सामना. मी टेम्पोत बैलाशेजारी बसू?"

"मी बसलो असतो," म्हणाला. कारकून तो कारकूनच.

आईला फोन करून सांगितलं, काम झालं. "बरं," म्हणाली. मला वाटलं होतं खूश होईल.

१३ ऑक्टोबर

बैल परत आला.

सकाळचा नाश्ता चालू होता. बाहेर गलका ऐकू आला म्हणून पाहतो तर हॉटेलच्या अंगणात तांबडा बैल, शिंगाला माझी जर्सी, तोंडात मालकिणीची जास्वंद. मालकीण त्याच्यामागे झाडू घेऊन. ड्रायव्हर हात जोडून उभा, पोती टेम्पोत तशीच. "निरोप दिलाय चौकाने. म्हणाले, बैलाचा काही दोष नाही. ज्याचा आहे त्याने यावं."

सगळा संघ खिडक्यांत. गोलरक्षक म्हणाला, "याला पण संघात घेतला का? डाव्या बगलेला?" कोच लाल झाला होता. "उद्या आयुष्यातला सामना आहे आणि माझ्या हॉटेलात गुरं! कुणाचं आहे हे?" म्झे बकारी पुढे झाले, कासरा घेतला, बैलाला फणसाखाली बांधलं आणि त्याच्यापुढे आमच्या पिण्याच्या पाण्याचा डबा ठेवला.

"म्झे, हा बैल तुमचा?" कोचने विचारलं.

"अजून कुणाचाच नाही," ते म्हणाले आणि बूट पुसायला गेले.

मी आता उद्याचा विचार करतोय. खरं तर हा सगळा प्रकार एका गोलचा प्रश्न आहे. मी उद्या गोल मारला की कसला दंड नि कसलं काय! देश डोक्यावर घेईल. आईला मुख्य स्टँडमध्ये पहिल्या रांगेत जागा दिलीय. तिकडून दिसेल तिला.

१४ ऑक्टोबर, सामना

मारला! मारला! मारला!

नीट लिहितो. पहिली पासष्ट मिनिटं बाकावर. माझ्या शेजारी बाटल्या नि बकारी. शून्य-शून्य. मग कोचने हाक मारली. म्झेंनी माझ्या बुटांच्या नाड्या स्वतः पुन्हा आवळल्या, काही बोलले नाहीत. आत गेलो, आणि त्या क्षणी फ्रान्सचं दार धाडकन बंद झालं. आवाज मला ऐकू आला. बाकी कुणाला आला नसावा, लोक बोंबलत होते.

त्र्याऐंशीव्या मिनिटाला हुमादीने डावीकडून उंच चेंडू टाकला. मी उडालो. डोक्याने मारायचा विचार होता, मग ऐनवेळी विचार बदलून गुडघ्याने मारला. गोलरक्षक एकीकडे, चेंडू दुसरीकडे! हे शिकवून येत नाही. कोच म्हणतो, मारला नाही, चेंडू नुसता लागला; लागला तर लागला, तीन गुण आले. मी त्याला काही बोललो नाही.

अख्ख्या स्टेडियममध्ये माझं नाव. तोइहा, तोइहा! पहिल्या रांगेकडे धावलो, हात पसरून. आईची खुर्ची रिकामी होती. शेजारच्या माणसाने तिच्यावर आपली छत्री ठेवली होती.

फोन लावला. म्हणाली, "परवाचे तांदूळ निवडायचेत. आणि मी बाहेर असताना कुणी आलं असतं तर?"

"कुणी आलं का?"

"तू जेवलास का?" म्हणाली.

१५ ऑक्टोबर

हे लिहायचं नव्हतं. पण लिहितो, कुणी वाचणार नाही.

सकाळी टॅक्सीवाल्याने भाडं घेतलं नाही. वाटेत प्रत्येक गावात थांबवलं, केळी दिली, शहाळी दिली. हाम्बुनीच्या वेशीवर तर ढोल होते. पोरंबाळं, बायका, म्हातारेसुद्धा. माझ्या नावाचं गाणं केलंय, त्यात गुडघाही आहे. मला खांद्यावर घेतलं आणि वाजत गाजत निघाले. मी मनात म्हटलं, झालं, फिटला दंड. आईच्या घरापर्यंत आले, गाणं शिगेला. उंबऱ्यापाशी मला खाली उतरवलं, अगदी हळू, काचेचं भांडं ठेवावं तसं. आणि गात गात सगळे पुढे निघून गेले. एकानेही उंबऱ्यात पाय ठेवला नाही. एशाती मावशी गर्दीत होती. गाताना रडत होती. तीही पुढे गेली.

आत नवी चुन्याची भिंत, हिरवे पडदे. मधोमध आई जमिनीवर, तांदळाच्या डोंगरापुढे सुपलं घेऊन. हे काम दहा बायकांचं, गप्पा मारत करायचं. ती एकटी खडे काढत होती.

मी म्हटलं, "ऐकलंस ना बाहेर? तुझ्या मुलाचं नाव."

"ऐकलं."

"अख्खा देश गातोय आई!"

"मला गोल नको होता रे," आई म्हणाली. "मला माणसं हवी होती. मी तिकडे फरशी पुसताना रोज मोजायचे, कोण कुठं बसेल. पुढच्या खोलीत थोरल्या बायका, मागे पोरी, अंगणात कढया. मला रिकामं घर पुसायचंच असतं तर तिकडे काय कमी होती फरशी?"

मी चिडलो. म्हणालो, मी फ्रान्स सोडलं यांच्यासाठी. आई माझ्याकडे बघत राहिली. खूप थकलेली दिसली. मग मी बसलो आणि तांदूळ निवडायला लागलो. मला जमत नाही. मी चांगले दाणेच टाकत होतो, ती ते परत वेचत होती. काही वेळाने मला रडू आलं. आवरेना. आईने सुपलं माझ्याकडून काढून घेतलं आणि म्हणाली, "जा, तोंड धू."

दुपारी हॉटेलवर आलो. बैल फणसाखाली बसून माझ्याकडेच बघत होता.

१६ ऑक्टोबर

हात काळे आहेत, वहीला डाग पडतायत. पडू देत.

पहाटे हुमादीने मेहुण्याचा टेम्पो आणला. आज मी मागे बसलो, पोत्यांवर, बैलाशेजारी. त्याने पूर्ण वाटेत माझी बाही चावली. वेशीवर उतरलो, बूट काढले, कासरा हातात घेतला. हाम्बुनीची वाट म्हणजे ज्वालामुखीचा दगड, अनवाणी पायाला सुरीसारखा. कालच्याच बायका, कालचीच पोरं, दोन्ही बाजूंना उभी. आज गाणं नाही. बैल मध्येच एका कुंपणाशी थांबून पाला खायला लागला आणि काही केल्या हलेना. मी ओढतोय, तो खातोय. कुणी हसलं नाही. हसले असते तर सोपं गेलं असतं.

चौक भरलेला. मधल्या आसनावर म्झे बकारी, सोनेरी झग्यात. हुमादीने शिकवलं होतं तसा खाली मान घालून उभा राहिलो. मुलाखती मी पुष्कळ दिल्यात, शब्दांची मला कधी वाण नसते. पण तिथं दोनच वाक्यं निघाली.

"मी चुकलो. मी पोर आहे."

मग म्झेंनी विचारलं, "कुणाचा पोर?" रोज माझे मोजे हातात देणारा माणूस!

"म्वानाएशाचा." मी आईचं नाव सांगितलं.

"तिचं घर कुठलं?"

"मशिदीमागे. नवं. हिरव्या पडद्यांचं."

"त्या घरी आज काय आहे?"

"गाव जेवणार आहे." हा प्रश्न होता की विनंती, मलाच कळलं नाही.

म्झेंनी काठी टेकली आणि उठले. त्यांच्या मागोमाग ओटेच्या ओटे उठले. या खेपेला कशासाठी उठले ते मला समजलं. माझ्या अंगावरून पुढे जाताना ते म्हणाले, "मग इथं काय उभा राहिलास? कढया वाट बघतायत."

आईच्या दारात सगळ्यात आधी एशाती मावशी पोचली. धावतच. मग बायका आल्या, चंदन लावलेले चेहरे, रंगीत ओढण्या, आनंदाने जिभा वाजवत, इतक्या की उंबऱ्यात चेंगराचेंगरी झाली. पन्नास ताटं पुरली नाहीत. आई मधे उभी. थोरली बाई जशी उभी राहते तशी, कुणाला कुठं बसायचं ते नुसत्या हाताने दाखवत. सगळ्या जागा तिला पाठ होत्या. पुढच्या खोलीत मी फक्त एकदा डोकावलो, पाणी द्यायला. पोरांना तिथं थांबता येत नाही.

मी मागच्या अंगणात, माझ्या वयाच्या गटात. हुमादी, एक शिक्षक, दोन मासेमार, एक दंतवैद्य आणि मी. कढई एवढी मोठी की घासायला आत उतरावं लागतं. काथ्या नि राख. बुडाला चिकटलेली भाताची खरपुडी आमचा वाटा, ती खाल्ली. मी सांगतो, आमच्या गटात सर्वांत स्वच्छ कढई माझी होती. दंतवैद्याची बघवत नव्हती.

दुपार उतरताना आई मागे आली. नवा झगा, केसांत मोगरा. उपड्या पातेल्यावर बसली, पाय पसरले. बराच वेळ माझ्या घासण्याकडे बघत होती. मला वाटलं बुडाचं काळं दाखवणार.

म्हणाली, "रेडिओवाला म्हणाला गुडघ्याला लागून गेला."

"लागून गेला नाही, मारला!"

"कसा? मी बघितला नाही ना. दाखव."

मी कढईतून बाहेर आलो. हुमादीला डावीकडे उभं केलं, दंतवैद्याला गोलमध्ये, दोन पातेल्यांच्या मधे. काथ्याचा गोळा हुमादीच्या हातात दिला. आई हनुवटीला हात लावून बघायला लागली. मी मागे गेलो, चार पावलं. धावलो. हुमादीने गोळा वर फेकला, मी उडणार...

"पोरा, पाणी!" पुढच्या अंगणातून म्झेंची हाक आली.

गोल तसाच अर्धा सोडला. तांब्या उचलून धावलो.